पाचांत एकही खराब नाही

आमच्या ह्यांना गणित वाचून समजायचं नाही, ऐकून समजायचं. कागद डोळ्यांसमोर धरला की पहिल्या ओळीवरून ते थेट शेवटच्या ओळीवर जायचे आणि मधलं राहून जायचं. म्हणून त्या वर्षी पावसाळा सरता सरता, सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत, मी त्यांना गणितं वाचून दाखवायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. माहेरची, विंचूरची शाळा सुटल्यानंतर मोठ्याने वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पोथीसुद्धा मी मनातल्या मनातच वाचते.

हे एका कारखान्यात प्रेसवर होते. मोटारींना लागणाऱ्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्या त्या मशीनवर निघायच्या. लग्नाआधीपासून त्यांचं तेच काम, आठ तास एका जागी उभं राहायचं. पायांच्या शिरा फुगून पोटऱ्यांवर निळ्या गाठी आल्या होत्या. संध्याकाळी बूट काढताना ते माझ्याकडे पाठ करून बसायचे, पाय मला दिसू नयेत म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, बसा, पण एका जागी उभं राहायचं काम सोडा, नाहीतर जखमा होतील आणि त्या भरायच्या नाहीत.

कारखान्यात बसून करायचं काम एकाच खात्यात होतं, तपासणीच्या. तयार मालाच्या लॉटमधून थोडे नग काढायचे, मापायचे, आणि लॉट पास की परत ते ठरवायचं. त्या खात्यात दोन जागा निघणार होत्या, पण त्यासाठी परीक्षा होती. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजचे सर दर शनिवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये येऊन शिकवायचे आणि जाताना सरावाच्या गणितांचे कागद द्यायचे. मराठीत टाईप केलेले, झेरॉक्स काढलेले. दिवाळीनंतर पेपर होता. त्यात पास झाले तर टेबल मिळणार होतं. नाही झाले तर सुपरवायझरने आधीच सांगून ठेवलं होतं की दुसरं काही माझ्या हातात नाही.

दुसरं म्हणजे गाव. वणीच्या जवळ ह्यांचं गाव, तिथे दीर शेती बघायचे. परीक्षा हुकली तर नोकरी सोडून तिकडे जायचं असं घरात ठरल्यासारखंच होतं. सासूबाई त्याचीच वाट बघत होत्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या, पण सातपुरात त्यांचा जीव रमला नाही. दारासमोर दुसरं दार, त्याच्यापुढे तिसरं दार, बघायचं काय, असं त्या म्हणायच्या. मुलगी तेव्हा सहावीत होती, तिची शाळा इथे होती, ते एक कारण मी कधीतरी ह्यांच्याजवळ बोलले असेन. माझं स्वतःचं कारण बोलले नाही. गावात बाईला रोज चार घरी जावं लागतं, चार जणींत बसून बोलावं लागतं. मला ते जमत नाही. सातपुरात मला तसं कुणी बोलवत नव्हतं. नळाला पाणी आलं की हंडे भरावेत आणि दार लोटून घ्यावं, ह्याच्यात मला सुख होतं. मला इथेच राहायचं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. हे पास व्हावेत एवढंच देवापुढे म्हणत होते.

पहिल्या पाळीहून हे साडेतीनच्या सुमाराला यायचे. मुलगी दुपारच्या शाळेत असायची. चहा झाला की हे पाय लांब करून भिंतीला टेकायचे, मांडीवर पाट घ्यायचे, पाटावर कोरे कागद, आणि म्हणायचे, "हं, वाच."

सासूबाई दारात तांदूळ निवडत असायच्या. मला त्यांच्यासमोर वाचायची लाज वाटायची. पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना.

"मास्तरीणबाई, जरा जोरात," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या विद्यार्थ्याची चाळिशी उलटली हाय. कान जड झाले आसतील."

"आई, तू तुझं काम कर ना."

"करते की. मी कुठं गणितं घालते तुला? नवरा पहिलीत आन बायको मास्तरीण, एवढं बघायचं राहिलं व्हतं."

मी बोट ठेवून वाचायला लागले. "एका मालात दहा टक्के नग सदोष आहेत. त्यातून या... याद्र... यादृच्छिक पद्धतीने पाच नग घेतले, तर त्यांत एकही नग सदोष नसण्याची संभाव्यता काढा."

"यादृच्छिक म्हणजे काय हो?"

"मनात काही न धरता. हाताला येईल तो उचलायचा. बघायचं नाही, निवडायचं नाही."

"आणि संभाव्यता?"

"शक्यता. असं होईल का, तर किती होईल."

मी हळू वाचत होते म्हणून त्यांना एकेक शब्द ऐकावाच लागत होता. त्याचा त्यांना उपयोग झाला असावा. एक नग चांगला निघायची शक्यता दहात नऊ. म्हणजे शून्य पूर्णांक नऊ. पाच वेळा चांगला निघायला हवा, म्हणून ते पाच वेळा एकमेकांशी गुणायचं. त्यांनी गुणाकार केला. उत्तर शून्य पूर्णांक एकोणसाठ आणि पुढे काही. म्हणजे असे पाच-पाच नग पुष्कळ वेळा काढले, तर शंभरातल्या एकोणसाठ वेळा पाचही चांगले, बाकीच्या वेळी कुठेतरी एखादा खराब लागणार.

पुढचा प्रश्न, नेमका एक खराब असण्याची संभाव्यता किती. इथे हे दर वेळी चुकायचे. चार चांगले, एक खराब, असा गुणाकार करून मोकळे व्हायचे. सरांनी शिकवलं होतं की शेवटी सगळ्या उत्तरांची बेरीज बरोबर एक यायला हवी. शून्य खराब, एक खराब, दोन, तीन, चार, पाच. यातलं काहीतरी एक होणारच, म्हणून सगळी मिळून एक. दीड खराब कधी निघत नाही. ह्यांची बेरीज एकाच्या खूप खाली राहायची. मग ते पेन ठेवून भिंतीकडे बघत बसायचे.

एके दिवशी त्यांनी मला पाच कांदे आणायला सांगितले, चार चांगले आणि एक नासका. ते ओळीत मांडले. नासका पहिल्या जागी ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाचव्या जागेवर पोचल्यावर ते थांबले.

"खराब कुठला आहे ते त्यांनी सांगितलेलंच नाही. तो पाच जागी बसू शकतो. मग पाचाने गुणायचं."

दोन, तीन, चार खराबांच्याही जागा तशाच मोजून गुणल्यावर बेरीज एक आली. त्या संध्याकाळी ह्यांनी जेवताना दोनदा भाकरी मागून घेतली. त्यांनी सगळी उत्तरं एकाखाली एक लिहिली होती. पाचही खराब निघण्याची शक्यताही लिहून ठेवली होती, लाखात एक. मला तो शेवटचा आकडा फार आवडला. एवढासा असला तरी त्यालाही ओळीत जागा होती.

"लाखात एक?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नशिबी बराब्बर तोच निघंल."

कांदा आमच्याकडे उन्हाळ्यातच भरून ठेवलेला असायचा. माहेरून दोन गोणी यायच्या. खाटेखाली पसरून ठेवलेला तो कांदा दिवाळीपर्यंत पुरायचा, पण पावसाळ्याच्या दमट हवेने शेवटी शेवटी मऊ पडायला लागायचा. वरून साल कोरडं, सोनेरी, आणि आत मानेपाशी पाणी झालेलं. दिसायला सगळे सारखेच. तो ढीग बघूनच ह्यांच्या मनात आलं असावं. तो रविवार होता. मुलगी तिच्या मैत्रिणीकडे गेली होती.

"हे सगळं कागदावर ठीक आहे," हे म्हणाले. "पण मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. आयुष्यभर मी हातात घेतलेल्या वस्तूवर विश्वास ठेवलाय. आकडे काय, सर सांगतील ते लिहायचं."

त्यांनी मला ढिगातून नव्वद चांगले कांदे आणि दहा मऊ पडलेले काढायला लावले. मऊ कांद्यांच्या बुडाला त्यांनी पेनाने फुली मारली. सगळे मोठ्या घमेल्यात घालून कालवले. मग एका जुन्या पंच्याने माझे डोळे बांधले. सासूबाई सूप खाली ठेवून बघत राहिल्या.

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय हाय का हे?"

"आई, परीक्षा आहे ती."

"कुणाची? तुझी का हिची?"

मी पाच कांदे काढले. ह्यांनी बुडं बघितली. एकावरही फुली नाही. त्यांनी लिहिलं, ते परत टाकले, कालवले. मी परत पाच काढले. फुली नाही. परत काढले. असं आम्ही कितीतरी वेळ करत राहिलो. दहा वेळा झालं, मग वीस वेळा. डोळे बांधलेले असल्यामुळे मला फक्त ह्यांच्या पेनाचा आवाज ऐकू यायचा आणि दर वेळी तो थोडा उशिरा यायला लागला. एकदाच कुठेतरी एक फुली निघाली. बाकी सगळे चांगले.

मला वाटलं, चांगलंच झालं की. सगळे चांगले निघाले. मी पंचा सोडला तर ह्यांचा चेहरा उतरलेला.

"असं कसं होईल. विसातल्या आठ वेळा तरी खराब लागायला हवा होता."

त्यांनी गुणाकार परत केला. उत्तर तेच. दुसऱ्या पद्धतीने केला, तरी तेच. तिसऱ्यांदा करताना त्यांचा हात चुकला आणि वेगळंच काहीतरी आलं. त्यांनी कागद चुरगळला. कांदे चांगले निघाल्याचं वाईट वाटावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"म्हणजे माझं पायापासूनच चुकतंय," हे म्हणाले. "मला वाटत होतं आता समजलं. काही समजलेलं नाही. तिथे पेपरात बसून हेच लिहीन आणि ती पोरं हसतील. माझ्यानंतर लागलेली पोरं आहेत सगळी, बारावी झालेली."

मी म्हटलं, "सरांना विचारा ना शनिवारी."

"काय विचारू? बायकोने कांदे काढले आणि हिशेब जुळला नाही, असं?" मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आई, तुझंच खरं. उद्या सुपरवायझरला सांगतो, माझं नाव काढा म्हणून. दसरा झाला की जाऊ गावाला."

सासूबाईंनी मान हलवली. एवढे दिवस त्या ज्याची वाट बघत होत्या ते त्यांना मिळालं होतं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, गावच्या घराचं, दिरांना निरोप धाडायचं. पण त्यांनी सूप उचललं आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. हे चपला घालून बाहेर गेले, पण लांब गेले नाहीत. समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

मी स्वयंपाकाला लागायला हवं होतं, पण उठले नाही. मुलीच्या शाळेचा दाखला काढायचा, गावातल्या शाळेत घालायची, सकाळी उठून दिरांच्या घरी जाऊन जावेबरोबर बसायचं, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर यायला लागलं. तसं काही वाईट नव्हतं त्यात. जाऊ चांगली होती. तरी मला रडू येत होतं आणि सासूबाईंसमोर रडायचं नव्हतं.

"ते घमेलं का तसंच ठिवलं?" सासूबाई म्हणाल्या. "कांदे खाटंखाली सारून ठिव. पायात येतील."

मी घमेल्याशी बसले आणि कांदे काढून ठेवायला लागले. चांगले खाटेखाली सरकवायचे आणि मऊ बाजूला, आधी वापरून टाकायला. हे काम मी लहानपणापासून करते. विंचूरला चौथी झाल्यावर मी आईबरोबर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जायला लागले. खळं म्हणजे मोकळं अंगण, तिथे कांद्याचे ढीग ओतलेले असतात आणि बायका बसून निवडतात. मोठा वेगळा, बारका वेगळा, जोड वेगळा, नासका वेगळा. लग्न होईपर्यंत मी तेच केलं. बायका बोलायच्या, मी ऐकायची, आणि हात आपला चालत राहायचा.

तेव्हा माझं लक्ष कांद्यांकडे नव्हतंच. मी दारातून ह्यांच्या पाठीकडे बघत होते. सासूबाई माझ्याकडे बघतायत हे मला उशिरा कळलं. त्यांनी तांदळातला हात थांबवला होता.

"पोरी, जरा इकडं बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं.

"माझ्याकडं बघत बघत निवड."

मला वाटलं माझं काही चुकलं. मी त्यांच्याकडे बघत निवडत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी बाहेर हाक मारली, "ए बाबा, आत ये. तुझी मास्तरीण बघ."

हे दारात आले.

"तू कुणाला बसवलं व्हतं कांदे काढायला?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या बोटांना डोळे हायेत. तू पंचा हिच्या तोंडावर बांधला, बांधायचा व्हता बोटांना. ही आंधळी झाली तरी नासका कांदा घरात येऊ देयाची नाय."

हे माझ्यासमोर खाली बसले, सगळे कांदे परत घमेल्यात टाकले, कालवले, आणि म्हणाले, "काढ. डोळे मिट. मी बघतो."

मी पाच काढले.

"आता हा का सोडलास?"

"कुठला?"

"हा बघ. आधी ह्याला हात लावलास. मग सोडून बाजूचा घेतलास."

"मी नाही सोडला."

"सोडलास. परत काढ."

परत काढले. ह्यांनी माझं मनगट मधेच धरलं. माझा अंगठा एका कांद्याच्या मानेवर होता. ह्यांनी तो उलटा केला, बुडाला फुली होती. मी तो घेणार नव्हते. मला ते माहीतही नव्हतं. हात घमेल्यात गेला की अंगठा आपोआप मानेवर जायचा, आणि मऊ लागलं की बोटं पुढे सरकायची. खळ्यावर एवढ्या वर्षांत जे हाताला लागलं होतं ते मनात काही धरल्यासारखं वाटतच नव्हतं.

हे हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं. "अगं, तू यादृच्छिक नाहीस," ते म्हणाले. मलाही हसू आलं, पण मी तोंड फिरवलं.

मग त्यांनी सासूबाईंना काढायला लावलं. त्या म्हणाल्या, मी नाय बाई तुमच्या खेळात. पण बसल्या. त्यांचेही पाचही चांगले निघाले. हयातभर कांदा लावलेला त्यांनी. ह्यांनी स्वतः काढले तर एक फुली निघाली, पण दुसऱ्यांदा काढताना त्यांनाच शंका यायला लागली की आपण दाबून बघतोय.

"ह्या घरात कुणाचाच हात कामाचा नाही," हे म्हणाले.

त्यावर उपाय सासूबाईंनीच काढला, असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त फळीवरचा चिंचोक्यांचा डबा दाखवला आणि विचारलं, ह्यानं नाय का व्हत? चिंचोका मऊ पडत नाही. ह्यांनी शंभर चिंचोके घेतले आणि दहांच्या एका बाजूला खडूने रेघ मारली. खडू बोटाला लागतो म्हणून ती पुसून शाईने मारली आणि वाळू दिली. डबा हलवायचा आणि पळीने पाच काढायचे, हात घालायचाच नाही. मुलगी तेवढ्यात घरी आली. हे काय चाललंय विचारून तीही पळी घ्यायला भांडायला लागली.

पहिल्या दहा वेळांत रेघेचा चिंचोका पाच वेळा निघाला. ह्यांना ते जास्त वाटलं. पुढच्या दहात तीनदाच निघाला. ते कमी वाटलं. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं आळीपाळीने काढत राहिलो. जितकं काढत गेलो तितका हिशेब एकोणसाठच्या आसपास येत गेला. कधी वर, कधी खाली, पण तिथेच घुटमळायचा. बरोबर एकोणसाठ काही आला नाही. ह्यांना आता त्याचं काही वाटलं नाही. "बरोबर यायचं नसतंच," ते म्हणाले. "सर तेच सांगत होते. मला तेव्हा कळलं नव्हतं."

त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. आम्ही चहा आणि सकाळची भाकरी खाल्ली. सुपरवायझरला सांगायचा विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी जेवणाचा डबा घेतला आणि सायकलवर गेले. मी दिवसभर धाकधुकीत होते. परत आल्यावर चहा घेतला, पाय लांब केले आणि म्हणाले, "हं, दुसरं पान."

दुसऱ्या पानावर तारेच्या भेंडोळ्यांची गणितं होती, मीटरमागे सरासरी दोन दोष आणि एका मीटरमध्ये एकही नसण्याची शक्यता किती, अशी. त्याला कोष्टक बघावं लागायचं. कोष्टकातले बारीक आकडे मी वाचायचे आणि हे मांडायचे. माझा आवाज आता दारापर्यंत जात होता. सासूबाई मधेच म्हणायच्या, "आज किती दोष निघाले?" आणि मी "शून्य निघायची शक्यता शंभरात तेरा, आत्या," असं उत्तर दिलं की त्या "मग बरं हाय" म्हणायच्या, जणू कुणाच्या तब्येतीची चौकशी केली होती.

परीक्षा झाली. लेखी पेपरात एका गणितात हे परत गुणायचं विसरले होते, पण बेरीज एक येईना तेव्हा लक्षात आलं आणि वेळेत सुधारलं. मग तोंडी होती. ट्रेमध्ये पट्ट्या ठेवून नमुना काढून दाखवायला सांगितला. ह्यांनी ट्रे आधी हलवला, उलथापालथ केला आणि चिमट्याने काढल्या. परीक्षकांनी विचारलं, हाताने का नाही घेतल्या? हे म्हणाले, मी सोळा वर्षं ह्या पट्ट्या काढतो, माझा हात चांगली पट्टी ओळखतो. परीक्षक पुढे काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. त्याचा अर्थ काय ते निकालापर्यंत ह्यांना कळलं नाही आणि त्या काळात त्यांनी मला ती गोष्ट रोज नव्याने सांगितली.

निकाल थंडीत लागला. हे नेहमीच्या वेळेला आले, सायकल लावली, आत आले आणि आधी सासूबाईंना सांगितलं, "आई, मिळालं टेबल." मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होते. मला भांडं खाली ठेवावंसं वाटलं पण ठेवता येईना, तशीच धरून राहिले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या काय म्हणतील याची मला धास्ती वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, "गावाला जाशील तव्हा माझा पाटा-वरवंटा घेऊन ये. हितला पाटा गुळगुळीत झालाय, मिरची वाटली जात नाय."

ह्यांनी पुढच्या सुट्टीत तो आणला. वणीहून एसटीत घालताना कंडक्टरने विचारलं, देव नेताय का, म्हणून. तो अजून आहे माझ्याकडे, सासूबाई मात्र गेल्या. पुढची सात-आठ वर्षं त्या आमच्याकडेच राहिल्या. दारासमोर काही बघायला नाही हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्या रविवारी त्या बोलल्या नसत्या तर दसरा झाल्यावर आम्ही गावी गेलो असतो, आणि त्यांना तेच हवं होतं. मी पुष्कळदा त्यांना विचारायचं ठरवलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं नाही. त्या आजारी होत्या तेव्हा एकदा त्यांचे केस विंचरताना विचारलं, "आत्या, तेव्हा माझ्या हाताचं तुम्ही ह्यांना का सांगितलं?"

"कव्हा?"

"कांद्यांचं. ह्यांच्या परीक्षेच्या वेळी."

त्या आठवत राहिल्या. "दिसलं म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने मान वळवून विचारलं, "पाय कसे हायेत आता त्याचे?"

"बरे आहेत. गाठी आहेत, पण सूज नाही येत."

"मग विंचर," त्या म्हणाल्या, आणि मी विंचरत राहिले.